माझी आरू भाईच्या फ्लेक्सवर

मैत्रिणींनो, आज इतकी किळस आली की घास उतरला नाही.

गेल्या आठवड्यात बालवाडीसाठी माझ्या तीन वर्षांच्या आरूचा फोटो काढला. इथंच, येरवड्यातल्या एका स्टुडिओत. ती हलत होती म्हणून मी मागून तिचा खांदा धरला. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर तिच्या कडेकडेनं रेघ फिरवली आणि मागचं सगळं उडवून पांढरं केलं. माझी बोटंपण पुसली. मला तर कौतुकच वाटलं.

आज दुपारी चौकात बघते तर आमच्या भागातल्या गुंड भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि त्यावर माझी आरू! तिला कापून भाईच्या पुढं उभी केलेली. इथं मात्र माझी बोटं पुसलीच नाहीत. बघणाऱ्याला वाटणार, भाईनंच पोरीच्या खांद्यावर हात ठेवलाय. शिसारी आली मला.

भाईचे फ्लेक्सपण तोच फोटोवाला बनवतो, म्हणून तशीच स्टुडिओत गेले. तो हसतोय, "अहो ताई, गोड दिसतीये की! दोन दिवसांनी उतरवतील."

मी म्हटलं, "मग तुमची पोरगी लावा ना तिथं."

"भाईला सांगू का, तुम्ही असं म्हणालात?"

मी तशीच घरी आले. घरी नवरा म्हणतो, "गप बस, त्यांच्या नादी लागू नकोस."

पण लेकरू माझं चौकात टांगलंय, गप कशी बसू? उद्या सकाळी दहाला परत जाणार आहे. फ्लेक्सपण उतरवायला लावणार आणि कॉम्प्युटरमधला फोटोपण माझ्यासमोर पुसायला लावणार. एकटीला भीती वाटते. माझ्याबरोबर कोण येतं?