चाकापुढचं लिंबू

दुकानदार नवं कापड दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो ना, तसा आवाज होता तो. फक्त लांबत जाणारा. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर मी तेव्हा वॉचमन होतो आणि येणाऱ्या गाड्या कानांनीच ओळखायचो. मोठ्या साहेबांची गाडी खोकत यायची, मालाचा ट्रक कण्हत यायचा. हा आवाज मात्र ओळखीचा नव्हता. मी गेट उघडलं, तर एक लाल, बुटकी, दोन दारांची जपानी गाडी माझ्या कमरेखालून आत गेली. आत आमचे कर्णिक साहेब होते. मी कडक सलाम ठोकला. तो त्यांना दिसला नसणार. गाडीत बसलेल्या माणसाला माझा फक्त पट्टा दिसत होता.

आता साहेब रिटायर आणि मीही रिटायर. साहेबांचं बदलापूरला कुळगावात बैठं घर आहे, मी खरवईला मुलाकडे राहतो. गाडी पोर्चमध्ये उभी आहे. बरीच वर्षं झाली, ती उभीच आहे. दर रविवारी आम्ही तिघे ती दुरुस्त करतो. साहेब, त्यांच्या शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले कांबळे साहेब आणि मी. साहेबांच्या मिसेस, आम्ही त्यांना बाई म्हणतो, आमच्यात नाहीत, पण त्यांचं लक्ष असतं.

गाडी खोलून परत जोडली की दोन-चार स्क्रू उरतातच. साहेब ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात. किस्स्यांचंही तसंच झालंय. जे कुठेच बसले नाहीत, ते माझ्याकडे साठत गेले. ती बरणी एकदा बाईंनी हलवून बघितली आणि म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस थांबा. हिच्यातनंच दुसरी गाडी निघेल."

*

गाडी चालत होती तेव्हाची गोष्ट. सिंगापूरहून परतलेल्या कुणाकडून साहेबांनी ती घेतली, आणि पहिल्याच रविवारी बाईंना घेऊन वांगणीला निघाले. तिथे एका मित्राची शेती होती. बाई ठेवणीतली पैठणी नेसल्या होत्या. गाडीची सीट इतकी खाली की बसल्यावर गुडघे हनुवटीला लागले.

परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, कशी आहे गाडी? बाई म्हणाल्या, "छान आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांशी नजरानजर होते."

वांगणीला पोचल्यावर त्यांना गाडीतून बाहेर काढायला शेतावरच्या दोन बाया लागल्या. एकीने हात ओढले, दुसरीने पाठीमागून रेटलं. साहेब तेवढ्यात मित्राला इंजिन दाखवत होते. हा किस्सा बाईंनीच मला सांगितला. वारा आवडला म्हणून जाताना-येताना खिडकीची काच पूर्ण खाली ठेवली होती, हेही त्यांनीच सांगितलं. साहेबांना मात्र हे त्या सांगत नाहीत.

*

या गाडीचे पुढचे दिवे झाकणाखाली झोपलेले असतात. बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर येतात. पुढे वायरिंग बिघडलं आणि हॉर्न वाजवला की एकटा उजवा दिवा उघडायचा आणि मिटायचा.

उल्हासनगरला फर्निचरचं दुकान असलेले गोपीसेठ साहेबांच्या ओळखीचे. त्यांच्या भाच्याच्या वरातीला ही गाडी नेली. साहेब स्वतः चालवत होते. पुढे बँड, मागे गर्दी. साहेब हॉर्न वाजवत पुढे सरकत होते आणि गाडी डोळा मारत होती. नवरीचे मामा समोर येऊन उभे राहिले. ही गाडी मघापासून माझ्या बायकोला डोळा मारतेय, असं त्यांचं म्हणणं.

साहेब खाली उतरले. त्यांनी अगदी शांतपणे रिले म्हणजे काय, अर्थिंग म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. वायरिंग खराब झालंय, गाडीचा हेतू वाईट नाही.

मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वायरिंग सबकी खराब होती है, साहब. काबू रखना पड़ता है."

*

याच गोपीसेठकडे साहेबांनी सीट नव्या करायला दिल्या. गाडी तोवर बंद पडली होती, पण साहेबांचं म्हणणं, आधी आतलं करून घेऊ. जुन्या फाटक्या सीट आम्ही टेम्पोत घालून उल्हासनगरला नेऊन दिल्या.

गोपीसेठ सोफे करतात. सोफ्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सीट परत आल्या. गुबगुबीत मरून रेक्झिन, त्यावर खोल खोल बटणं, आणि हात ठेवायला दोन्ही बाजूंना गोल लोड. एक लोड गिअरवर येत होता. साहेब आत बसले आणि त्यांचं डोकं छताला टेकलं. मान तिरकी करून त्यांनी स्टिअरिंग धरलं. लग्नात रुसून बसलेल्या माणसासारखे दिसत होते.

साहेबांनी तिथूनच फोन लावला. सीट उंच झालीय, डोकं लागतं, अशी तक्रार केली.

गोपीसेठ म्हणाले, "साहब, सीट में कुछ भी गलत नहीं है. छत नीची है."

लोड काढून टाकले. ते आता बाईंच्या दिवाणावर आहेत. गाडीतली एवढी एकच गोष्ट आजवर कुणाच्या कामी आली.

*

कांबळे साहेबांचा मोबाइलवर फार विश्वास. एका रविवारी ते आनंदाने आले. आपल्याच गाडीचा व्हिडिओ सापडला होता. जपानी माणूस, जपानी भाषा, पण काम स्वच्छ दिसत होतं. भाषेचं काय करायचं, असं साहेबांनी विचारलं. कांबळे साहेब म्हणाले, पान्ह्याला भाषा नसते.

मोबाइल बॉनेटवर उभा केला आणि काम सुरू झालं. तो माणूस आधी वाकून नमस्कार करायचा, मग एक भाग काढायचा. आम्हीही काढायचो. त्याने डॅशबोर्ड काढला, आम्ही काढला. त्याने वायपरची मोटर काढली, आम्ही काढली. दारं काढली. काढलेला प्रत्येक भाग तो पुसून, पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी चिकटवायचा. साहेब म्हणाले, बघा, शिस्त बघा. आम्ही बाईंकडून दुधाच्या पिशव्या मागून घेतल्या.

संध्याकाळी व्हिडिओ संपत आला. त्या माणसाने शेवटचा नमस्कार केला. मागे क्रेन आली, गाडीचा उरलेला सांगाडा उचलून घेऊन गेली. तो माणूस गाडी दुरुस्त करत नव्हताच. सुटे भाग विकायला मोडत होता.

पोर्चभर दुधाच्या पिशव्या पसरल्या होत्या. बाई चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "क्रेन किती वाजता येणार आहे?"

*

परत जोडायला अर्धा पावसाळा गेला. मग ब्रेकमधली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली आडवा, एक आत पेडलवर. मी पेडलवर होतो. आयुष्यभर सांगितलेलं तेवढंच केलं, त्यामुळे मला ते जमतं. साहेब खालून म्हणायचे, दाब. मग, धर. मग, सोड.

एकदा ते "धर" म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मी धरून बसलो. पाय भरून आला, तरी धरून बसलो. साहेबांची कंबर धरली होती आणि त्यांना आवाज फुटत नव्हता, हे मला वर कसं कळणार?

तेवढ्यात गणपतीची वर्गणी मागायला गल्लीतले कार्यकर्ते आले. त्यांनी गाडीखालून बाहेर आलेल्या पायांना नमस्कार केला, यंदाचा देखावा काय आहे ते पायांनाच समजावून सांगितलं आणि पावती फाडून डाव्या चपलेत खोचली. ते गेल्यावर बाई बाहेर आल्या, चपलेतली पावती बघितली, मग खाली वाकून साहेबांचा चेहरा बघितला. त्यांनी आणि मी मिळून साहेबांना सतरंजीवरून ओढून बाहेर काढलं.

साहेब चार दिवस अंथरुणात होते. मी भेटायला गेलो तेव्हा बाईंनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं. दर दसऱ्याला गाडीला हार घालतात, चाकापुढे लिंबू ठेवतात, आणि मग कांबळे साहेब आणि मी धक्का मारून ती लिंबावरून नेतो. बाई म्हणाल्या, "धक्का मारून माझं शिलाई मशीनही जाईल. यंदा धक्का नाही. गाडी आपली आपण लिंबावरून गेली तर राहील. नाही गेली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. मला पोर्चमध्ये झोपाळा टांगायचाय."

साहेब छताकडे बघत होते. चालेल, म्हणाले.

घरी चालत येताना माझ्या मनात आलं, गाडी गेली तर रविवारी साहेब काय करतील? खरवईचा चढ येईपर्यंत हेच मनात होतं. मग आलं, आपण काय करू?

*

बाई बोलून थांबणाऱ्यांतल्या नव्हेत. दसऱ्याला आठवडा असतानाच त्यांनी भंगारवाल्याला गाडी बघून जायला बोलावलं. तो खिशातून लोहचुंबक काढून गाडीभोवती फिरू लागला. चुंबक दाराला लावलं, ते खाली पडलं. मडगार्डला लावलं, खाली पडलं. गंज लागेल तिथे साहेब गेली कित्येक वर्षं पुट्टी भरत आले होते, वर लाल रंग. फिरून फिरून एकदाचं चुंबक चिकटलं, ते साहेबांच्या हातातल्या पान्ह्याला.

भंगारवाल्याने डोकं खाजवलं. "साहब, इसमें गाड़ी किधर है?"

कांबळे साहेब फस्सकन हसले. मीही हसलो. साहेबांनी फडकं घेतलं आणि चुंबक जिथे जिथे लावलं होतं, ती जागा एकेक करून पुसून काढली. मग आमचं हसू आपोआप थांबलं. बाई दारात होत्या. त्याही हसल्या नव्हत्या.

*

तोवर इंजिन चालू व्हायला लागलं होतं. अडलं होतं गिअरवर. दांड्याखाली प्लॅस्टिकची एक बुश असते, तिचा चुरा झाला होता. ती आता कुठे मिळत नाही. अंबरनाथच्या लेथवाल्याकडून तशीच नायलॉनची करून आणली. तो म्हणाला, जरा घट्ट आहे, वापरून वापरून बसेल. आदल्या दिवशी आम्ही ती बसवली. मी म्हणालो, साहेब, गिअर टाकून बघायचा का एकदा? साहेब म्हणाले, आता मुहूर्तावरच.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला. बाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. मी फाटक सताड उघडून बाजूला उभा राहिलो, सवयीने. कांबळे साहेब मोबाइल धरून उभे होते. साहेब मान तिरकी करून आत बसले.

किल्ली फिरवली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा लागली. तोच आवाज. टर्रकन, लांबत जाणारा. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. उजवा दिवाही एकटाच उघडला आणि मिटला.

साहेबांनी गिअर टाकला. दांडा पुढे जाईना. त्यांनी जोर लावला, तो कुठेतरी खटकन बसला. साहेबांनी क्लच सोडला आणि गाडी वीतभर मागे गेली.

ब्रेक लागला. साहेबांनी पुन्हा दांडा हलवला, पुन्हा क्लच सोडला. गाडी आणखी वीतभर मागे. बुश रिव्हर्सवर घट्ट बसली होती, दांडा दुसरीकडे कुठे जायलाच तयार नव्हता. पुढे दोन्ही लिंबं होती तशीच, पिवळीधमक.

कांबळे साहेबांनी मोबाइल खाली केला. "तसं बघायला गेलं तर चालली," ते हळूच म्हणाले. साहेब दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. बाईंकडे त्यांनी बघितलं नाही. इंजिन चालूच होतं.

बाईंनी आरतीचं ताट पायरीवर ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या आणि पुढची दोन्ही लिंबं उचलली. गाडीला वळसा घालून मागे गेल्या. एक लिंबू मागच्या डाव्या चाकामागे ठेवलं, एक उजव्या. उजवं घरंगळू लागलं, तर बाजूचा एक खडा घेऊन त्याला टेकवला. मग पदराला हात पुसले आणि ताट उचलून घरात निघून गेल्या.