शालिककाकांनी न केलेली जाहिरात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला हाताला धरून शालिककाकांच्या दारात नेऊन उभं केलं असतं — म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, त्यांनाही ओळखत नाही. तुमच्यासमोर बोलणं सोपं जातं, एवढंच.

गोंदिया जिल्ह्यात सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आणि आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून केलेलं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग म्हणजे गाणीबिणी नाहीत. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, मंडई म्हटली की नाटक आलं, आणि नाटक आलं की ऑटोला भोंगा बांधून आजूबाजूच्या गावांत जाहिरात फिरवावी लागते. ती बोलायची कुणी? आमच्या भागात या प्रश्नाला कितीतरी वर्षं एकच उत्तर होतं.

शालिककाका म्हणजे चिपाड अंगाचा, सायकलवर फिरणारा, दोन बांध्यांत धान लावणारा माणूस. बायको केव्हाच गेली, घरी मुलगा आणि सून. बघून कुणी म्हणणार नाही, पण माइकसमोर बसले की खोली भरायची. बसायच्या आधी चपला बाहेर, खिशातून खडीसाखरेची पुडी, एक खडा तोंडात. मग माझ्या हातातला कागद घ्यायचे, एकदा वाचायचे आणि उलटा करून ठेवायचे. नाटकात रडवतं कोण, हसवतं कोण, ऑटो जाणार कोणत्या गावाला — आधी हे सांग, म्हणायचे. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावांसाठी वेगळं बोलायचे, जंगलाकडच्या गावांसाठी वेगळं. ‘धान कापून कापून कंबर मोडली ना बाप्पा? मग आज आमच्यासमोर बसा, कोणी उठवणार नाही’ — हे काही कागदावर नसायचं. ऐन वेळी सुचायचं त्यांना. नाही जमलं तर पुन्हा. चार-चार वेळा पुन्हा.

मला कंटाळा यायचा. बाहेर पत्रिकावाले उभे, आणि आत हे एका वाक्यासाठी डोळे मिटून बसलेले. कला वगैरे ठीक आहे, पण दुकान कुणी चालवायचं?

मागच्या वर्षी एका नाटक मंडळाचा माणूस सकाळीच आला. भोंगा बांधलेला ऑटो बाहेर उभा. काका मुलीकडे तिरोड्याला गेलेले, फोन लागेना. माझ्या मोबाइलमध्ये आवाज तयार करणारं एआयचं ॲप होतं, आणि काकांच्या जुन्या फायली कॉम्प्युटरमध्ये पडून होत्याच. त्यातल्या आठ-दहा ॲपला ऐकवल्या, मंडळाचा कागद टाइप केला. चहा संपायच्या आत काका बोलायला लागले. तोच घोगरेपणा, शेवटच्या शब्दावरची तीच ओढ. मंडळाचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन गेला, त्याला कळलंही नाही. मला लाज वाटली का? नाही हो. मजा वाटली. काका परतले की ऐकवू, हसतील, असंच मनात होतं.

ते परतले. मी ऐकवलं नाही.

कारण ऐकवीन म्हणेपर्यंत मी दुसरी जाहिरातही तशीच केली होती, आणि तिसरीही. तेव्हा काका गावातच होते, फोन केला असता तर अर्ध्या तासात सायकलवर आले असते. पहिल्या वेळेला अडचण होती असं म्हणता येईल. नंतरच्या वेळांना काय म्हणायचं? सोय होती. कागद टाकला की आवाज तयार, ना चपला काढायच्या, ना डोळे मिटायचे, ना चार वेळा पुन्हा.

पण माझी खरी चूक हीसुद्धा नाही. बघा, अजून मी तिच्याभोवतीच फिरतो आहे.

एका दुपारी काका दुकानात आले. घाम आलेला, सायकल नीट उभीही केली नव्हती. त्यांच्या गल्लीतून ऑटो गेला होता, आणि अंगणात धान वाळवत बसलेल्या काकांनी स्वतःलाच ऐकलं होतं. नाटकाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते काउंटरला टेकले आणि हळूच म्हणाले, “दिनू, हे मी कवा बोललो रे? मले तं आठवूनच नाही राहिलं.”

एवढंच विचारलं त्यांनी. भांडायला आले नव्हते. चोरीचा तर संशयही नव्हता, असा आवाज करता येतो हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या. आठवडाभर बोलले नसते. काकाच ते, आठव्या दिवशी चहा मागितला असता.

मी म्हटलं, “मंगळवारी नाही का बोलले काका? खडीसाखर विसरले होते तुम्ही, मीच समोरून आणून दिली.”

खडीसाखरेचं कुणी विचारलं होतं मला? ते मी आपल्या मनाने घातलं, खोटं पक्कं बसावं म्हणून. काकांनी खिशात हात घालून पुडी चाचपली. बराच वेळ हात तिथेच होता. मग म्हणाले, “असन बा. तू कायले खोटं बोलशील?” आणि सायकलकडे जाता जाता, “पण कसा बोललो रे मी? जीवच नाही त्यात.”

म्हणजे त्यांच्या कानाने बरोबर पकडलं होतं. फक्त दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. आणि मी घेऊ दिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सुनेने त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. काकांनीच सांगितलं की आपण केलेली कामं आपल्याला आठवत नाहीत. असं ऐकल्यावर डॉक्टर तरी काय करणार? गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या ते अजून घेतात.

मनाला टोचलं म्हणून मी मध्ये दोनदा त्यांना खरंच बोलावलं. चपला काढल्या, खडा तोंडात टाकला, पण कागद उलटा केला नाही. “कागद समोर धर रे, भरोसा नाही माहा,” म्हणाले, आणि अक्षरन्‌अक्षर वाचून काढलं. कोणतं गाव, हसवणारा कोण, काही विचारलं नाही. एकदाच बोलले, पुन्हा नाही. मी ते आणि ॲपवालं एकामागोमाग एक लावून ऐकलं. फरक नव्हता. ज्या आवाजाची मी नक्कल केली होती, तो आता कुठेच उरला नव्हता.

लोक मात्र म्हणतात, शालिकभाऊ अजून तसाच बोलतो, वय झालं पण आवाज नाही गेला. काकांना कुणी तसं म्हटलं की ते मान डोलवतात.

हल्ली त्यांच्या सायकलच्या पिशवीत एक वही असते. आज कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय बोललो, सगळं लिहितात, आणि जिथे जातील तिथल्या माणसाची सही घेतात. चहावाल्याची, चक्कीवाल्याची. त्या वहीत सगळ्यात जास्त सह्या माझ्या आहेत, कारण त्यांचा भरवसा माझ्यावर जास्त आहे.

परवा ते दुकानात बसले होते. रस्त्यावरून ऑटो गेला, नव्या नाटकाचा. आदल्या दिवशी मीच तयार केलेली जाहिरात. काका मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे बी मीच?”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मला घाई नव्हती, कुणाची भीती नव्हती. मी मान हलवली, म्हटलं, “हो, काल.”

त्यांनी वही काढली, कालच्या पानावर सावकाश लिहिलं — ‘दिनूच्या दुकानात जाहिरात बोललो.’ वही माझ्याकडे फिरवली.

मी सही केली. खाली तारीखही घातली.