गिरणीतली हाक

तोफखान्यातून हे घरी आले तेव्हा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्या कानानं निम्मंअधिक बोलणं सुटायचं. आता हा गडी घरीच बसणार, असं म्हसवडच्या बाजारात जो तो म्हणायला लागला. ते ह्यांना झोंबलं. आमच्या गावात नुकती वीज आली होती आणि बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पार म्हसवडपर्यंत चालत जायच्या. ह्यांनी ठरवलं, गिरणी टाकायची. मला ते तेव्हाच नको वाटलं.

मला गिरणी नवी नव्हती. माझं माहेर सांगलीचं, आमच्या भिंतीला लागूनच गिरणी होती. तिथल्या गिरणीवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यानं नेलेली. तो त्याच हातानं डबा पुढं करायचा आणि मी दुसरीकडं बघत डबा घ्यायची. शिवाय गिरणी चालते ती कानावर. दाणा संपत आला की दगडांचा आवाज बदलतो. तो ओळखून चटकन दगड सैल केले नाहीत तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. आणि आमचा गिरणीवाला बहिरा! हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "मग तू हायस की. तू माझा कान."

कान व्हायला माझी ना नव्हती. पण मी ऐकलेलं ह्यांना सांगायचं कसं? मोटारीच्या घरघरीत माझं "आवं" विरून जाणार. घरातसुद्धा चारदा "आवं, आवं" केल्यावर हे वर बघायचे. त्यावर ह्यांनी काढलेला तोडगा ऐकून मी हातातली परात खाली ठेवली.

"नावानं हाक मार. फौजेत नावानंच मारायचे. त्या हाकंला कान अजून उभा ऱ्हातो."

"तुमचं डोकं ठिकानावर हाय का?"

नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, हे मी परकरात होते तेव्हापासून ऐकत आले होते. आमच्या गल्लीत एकीनं रागाच्या भरात नवऱ्याचं नाव घेतलं होतं आणि त्याच साली तो गेला. तो आधीपासूनच आजारी होता म्हणे, पण ते कोण लक्षात ठेवतो! मी ह्यांचं नाव घेतलं होतं ते लग्नात, उखाण्यात. तेवढी सूट असते.

पण फौजी माणूस, कवायत करून घेतल्याशिवाय सोडतोय कुठला! मोटार बसली, दगड बसले, पट्टा चढला आणि इकडं गोठ्यात माझी शिकवणी सुरू झाली. हे माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मार हाक." मी पुन्हा "आवं"च म्हणायची. एकदा धीर करून उखाणाच म्हणून पाहिला. दुसऱ्या ओळीला पोचले आणि हसू फुटलं. हे हसले नाहीत. "तेवढ्यात हात जाईल माझा," म्हणाले. मी लगेच आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले. बोलले तरी ह्यांना गमावणार, नाही बोलले तरी गमावणार, एवढंच मला दिसत होतं.

सासूबाईंना हाक मारायला अडचण नव्हती, आईच ती. पण त्या दिवस उजाडताच मेंढरांमागं रानात जायच्या. ह्यांचं नाव घेऊ का, असं त्यांना मी विचारलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि विषय बदलला. म्हणजे त्यांनाही भीती होतीच.

गिरणी उघडायच्या आदल्या दिवशी ह्यांनी ती चालवून बघायची ठरवली. बघायला दारात चारपाच म्हातारी माणसं जमली होती. सासूबाईही त्या दिवशी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आल्या होत्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. ह्यांनी खटका दाबला. घर थरथरायला लागलं. पट्टा घसरतोय असं ह्यांना वाटलं, म्हणून चालत्या पट्ट्याला राळ लावायला हे वाकले. खांद्यावरचा टॉवेल सरकला आणि त्याचं टोक पट्ट्याकडं लोंबायला लागलं.

"आवं!" मी ओरडले. दारातल्या म्हाताऱ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. हे वाकलेलेच. "आवं, आवं!" खटका पट्ट्याच्या पलीकडं, ह्यांच्या बाजूला. टॉवेलचं टोक पट्ट्याला लागलं, आणि माझ्या तोंडून ह्यांचं नाव बाहेर पडलं. नुसतं नाव, आडनाव नाही, पुढंमागं राव नाही.

हे झटक्यात ताठ झाले आणि मागं सरले. टॉवेल सर्रकन आत ओढला गेला, चाकाला गुंडाळला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. ह्यांनी खटका बंद केला.

"आई, तू हाक मारलीस व्हय?" ह्यांनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडं बोट केलं. हे माझ्याकडं बघतच राहिले. मी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकले होते. हे वाचले याचा आनंद मला झालाच नाही. मी ह्यांच्या आयुष्यातली किती वर्षं तोडली, एवढंच मनात होतं.

सासूबाई उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी माझ्या तोंडातला पदर ओढून काढला.

"उद्या बाया डबं घिऊन येतील," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापुढं लाजून गप बसलीस, तर माझ्याशी गाठ हाय. नाव घ्यायचं. काय उनं व्हायचं आसंल, ते माझ्यातलं होऊ दे."

त्या पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांचं वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हणते. हे आता पलीकडच्या खोलीत दोन्ही धडधाकट हातांनी शेंगा फोडत बसले आहेत. पण ते नाव इथं लिहायला माझा हात अजून धजत नाही.