बंद शेडमधली दहा मिनिटं

बाबांच्या गाडीचं इंजिन आठशे सीसीला चार कमी, तीन सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला तर ती हसतात. पण बाबांनी ते इंजिन लेकरासारखं जपलं. पाच हजार किलोमीटरला ऑइल, दर दिवाळीला प्लग काढून पेट्रोलनं धुणं, एअर फिल्टर उन्हात झटकणं, आणि कुठं जायचं असो नसो, रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू. उभी गाडी आणि बसलेला माणूस लवकर गंजतो, असं ते म्हणत. स्वतः मात्र गंजायची वाट न बघता चैत्रात चालताबोलता गेले.

गाडी पुसेगावजवळ आमच्या शेतातल्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये असायची. मी सेनगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, हिंगोलीत राहतो आणि शनिवारी दुपारी आईकडे जातो. यंदा शेडमध्ये गाडीशेजारी हळदीची पोती रचलेली होती. पावसाळा लागला तसं मी पत्र्याखालच्या फटींना प्लास्टिकचा कागद ठोकला आणि आईला बजावलं, की दार उघडं टाकायचं नाही, हळद ओल धरते.

बाबा होते तोवर इंजिन चालू करायला गाडी अंगणात यायची. आईला गाडी चालवता येत नाही. पण वीस वर्षं डाव्या सीटवर बसून तिनं सगळं बघितलेलं. चावी फिरवता येते, चोक किती ओढायचा तेही कळतं. शिवाय आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी बाहेर काढली, तर ट्रॅक्टर लावल्याशिवाय परत आत जात नाही. म्हणून ती बाबांचा नेम आतच चालवायची, दार लावून. चालू करायची आणि वळसा घालून आपल्या डाव्या सीटवर जाऊन बसायची.

श्रावणातल्या एका शनिवारी चहा देताना ती सहज बोलली, "तुहे बाबा रोज येऊन बसून राहिले."

मी चिडलो. मी चिडका आहे, शाळेतलं कोणतंही पोरगं सांगेल. कुठं बसतात, म्हणून विचारलं तर म्हणाली, गाडीत, आणखी कुठं बसतील. आधी डोकं जड होतं, मग कानात घूं होतं, आणि मग शेजारची सीट दबते. बोलत काही नाहीत. त्यांच्या जर्द्याचा वास येतो. हे सगळं तिनं दूध उतू गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. आई भोळी नाही. अंगात येणाऱ्या बायांना ती तोंडावर सोंगं म्हणते. त्यामुळेच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या सीटवर बसलो, लहानपणी बसायचो तसा. आईनं इंजिन चालू केलं आणि पुढं डावीकडे बसली. बाहेर झड लागलेली, पत्र्यावर एकसारखा आवाज. इंजिन अडखळत चालत होतं. चार-पाच मिनिटांनी पाय कापसाचे झाले. मग पुढची रिकामी सीट करकरली, आणि तिच्या कडेला मला खांदा दिसला. उजवा, जरा उतरलेला, बाबांचा. हात पुढं करावा असं वाटत होतं आणि हात उचलवत नव्हता. आईनं मागं न बघता विचारलं, "दिसले?" मी व्हय म्हणालो.

बाहेर आल्यावर आईला उलटी झाली. उपासाचं पित्त, असं आम्ही ठरवून टाकलं. दाराशी दोन पाली मरून पडल्या होत्या. धान्याला लावायच्या औषधानं मेल्या असतील म्हणून मी त्या झाडून टाकल्या. पुढचा आठवडाभर वर्गात मी काय शिकवलं, मला आठवत नाही. मी फक्त शनिवारची वाट बघत होतो.

त्या शनिवारी सेनगावहून मिस्त्रीला बरोबर घेतलं. इंजिन का अडखळतं ते बघ म्हटलं. खरं तर बाबांचं इंजिन बंद पडू नये एवढीच मला काळजी होती. मिस्त्रीनं शेडचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. भिंत काजळीनं काळी झाली होती. मला ती दर शनिवारी दिसत होती. त्यानं चोक बघितला, तो अर्धा अडकून बसलेला. प्लग काढले, कोळशासारखे. खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरचा पाइप गंजून इंजिनापाशीच फुटलेला.

"गुरुजी, दार लावून चालू करून राहिले का तुमी?" त्यानं विचारलं. "मावशी जित्या कशा राहिल्या?"

अपूर्ण ज्वलन मी दरवर्षी शिकवतो. बंद खोलीत शेगडी ठेवू नये, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आधी डोकं दुखतं, मग भास होतात. पोरांकडून दहा वेळा लिहून घेतो. आणि हळद ओल धरू नये म्हणून स्वतःच्या आईला मी त्या वायूत कोंडत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

मिस्त्रीनं पाइपला वेल्डिंग केलं, चोक मोकळा केला, नवे प्लग टाकले. मी दारापुढं मुरूम टाकून घेतला. पुढच्या रविवारी गाडी बाहेर काढली, चारही दारं उघडली. आई डावीकडे, मी मागं. इंजिन इतकं गुळगुळीत चाललं, की बाबा असते तर मिस्त्रीला जेवायला बसवलं असतं. सीट रिकामी होती. मी आईला सगळं समजावून सांगितलं, तो वायू, रक्त, डोकं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग दोघायला बी तेच कसे दिसले?" तिनं विचारलं.

तिनं शेजारच्या सीटवरून एकदा हात फिरवला, धूळ पुसावी तसा.

"बंद कर बापू," ती म्हणाली. "पेट्रोल काहून जाळून राहिला? न्हाई येत आता."

ती उतरली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली. त्यानंतर तिनं त्या गाडीचं नाव काढलं नाही. गाडी मी हिंगोलीला आणली, घरासमोर उघड्यावर उभी असते. आईच्या काळजीनं आणली, असं शेजारी समजतात, मीही त्यांना तेच सांगतो. पण आईची काळजी त्या रविवारीच मिटली होती. ती गाडी शेडमध्ये राहिली असती, तर एखाद्या रविवारी आत जाऊन मी दार लावून घेतलं असतं.