ताईचं बाहेरचं नाव

अंगात येणं, बाधा, उतारा... असलं काही कुणी बोलायला लागलं की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाते. या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचं रात्रीचं जेवण पचलेलं नसतं आणि बाकीच्यांना गोष्ट वाढवून सांगायची खोड असते, असं माझं मत होतं. अजूनही ते फारसं बदललेलं नाही. मग हे का लिहितेय? राग आहे म्हणून. इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही.

साल १९९९, गाव सुरत. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील लूमवर होते, घर गोडादऱ्यात. मी बी.एस्सी. करून सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. खाली साड्यांच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम चाले, वरच्या मजल्यावर आमचा क्लास. एसी होता, पण तो मशीनसाठी. हितेशभाई, म्हणजे आमचे मालक, मशीन बंद झाली की तोही बंद करायचे, माणसं बसलेली असली तरी. त्या वर्षी वेब पेज बनवायचा कोर्स जोरात होता. मार्केटमधल्या प्रत्येक शेठला आपलं दुकान इंटरनेटवर हवं होतं, इंटरनेट म्हणजे काय हे माहीत नसलं तरी.

माझी मोठी बहीण उज्ज्वला. तिचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं, गोडादऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून. दाजी लूमच्या कारखान्यात जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारे. माणूस वाईट नाही, पण आईसमोर तोंड उघडत नाही. त्यांची ही दुसरेपणाची. पहिली बायको रेखा, साक्रीकडची, काविळीनं गेलेली.

लग्नात परातीतल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, तुम्हाला माहीत आहे. दाजींनी लिहिलं... रेखा. मला वाटलं चुकून लिहिलं. चूक नव्हती. ताईच्या सासूबाईंनीच आधी सांगून ठेवलं होतं. मी तिथेच विचारलं, मेलेल्या बाईचं नाव जिवंत बाईला देता, लाज नाही वाटत? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जुनं रेशन कार्ड शे, त्यावर रेखा लिखेल शे. नवं काढाले कोन फिरी?"

एवढंच कारण. एका कार्डाचा हेलपाटा वाचावा म्हणून. माझे वडील मान खाली घालून आहेर वाटत राहिले, आई रडत होती, आणि मला मावशीनं दंडाला धरून मागे ओढलं. मी त्या दिवशी जेवले नाही. त्या घराचं मीठ आजवर खाल्लं नाही.

पुढे ताईनंच तोड काढली. म्हणाली, घरात मला रेखा म्हणू देत, घराबाहेर मी उज्ज्वलाच. एवढ्यानं भांडण मिटतं ना? मला पटलं नव्हतं, पण संसार तिचा होता. मी तिला एकच गोष्ट सुचवली, दुपारची क्लासला येत जा. हितेशभाईंकडे हट्ट करून मी तिची जागा मिळवली. सासूबाईंनी नकार दिला, तेव्हा दाजी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये पडले. ताई येऊ लागली. हुशार होती ती, माझ्यापेक्षाही.

पावसाळ्याआधीच्या त्या आठवड्यात मी फंक्शन शिकवत होते. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. फंक्शन म्हणजे मशीनला नेमून दिलेलं एक काम, आणि त्या कामाला एक नाव. नाव घेतलं की काम होतं. एका फंक्शनच्या पोटात दुसरं लिहिता येतं, पण पोटातलं नाव पोटातच चालतं, बाहेर त्याला कुणी विचारत नाही. आणि बाहेर एकाच नावाची दोन फंक्शनं लिहिली तर? मशीन भांडत नाही, सूचनाही देत नाही... खालचं राहतं, वरचं जातं.

ताईनं विचारलं, "वरचं कुठं जातं?"

"कुठे जात नाही. संपतं."

तिनं वरच्या फंक्शनवर बोट ठेवून तेच पुन्हा विचारलं. मला वाटलं तिला समजायला वेळ लागतोय. म्हणून मी तिचंच उदाहरण घेतलं. 'नाव' नावाचं फंक्शन बाहेर लिहिलं, ते 'उज्ज्वला' दाखवणार. मग 'घर' नावाचं एक मोठं फंक्शन, आणि त्याच्या पोटात पुन्हा 'नाव', ते 'रेखा' दाखवणार. म्हटलं, बघ ताई, तुझा करार मशीनलाही मान्य आहे. बाहेरून विचारलं तर तू उज्ज्वलाच.

पानावर बाहेरून नाव विचारणारं एक बटण ठेवलं, ते तिला दाबायला सांगितलं. छोटी चौकट उघडली. रेखा.

मला राग आला तो स्वतःवर. नवशिके एक चूक हमखास करतात. आतल्या नावाआधी एक शब्द लिहायचा असतो, तो राहिला की आतलं नाव बाहेर सुटतं आणि बाहेरच्याला पुसून टाकतं. मी ओळ न् ओळ तपासली. शब्द जागेवर होता. मी स्वतः बटण दाबलं... उज्ज्वला. ताईनं दाबलं... रेखा.

आता तुम्ही म्हणाल, ब्राउझरनं जुनं पान साठवून ठेवलं असेल. कृपा करून हे मला सांगू नका. साठवलेलं पुसलं, ब्राउझर बदलला, मशीन बदललं. शेवटी सगळ्यात खाली 'नाव' पुन्हा लिहिलं, फक्त 'उज्ज्वला' दाखवणारं. खालचं जिंकतं, हा नियम आहे. या नियमावर अख्ख्या जगाची पानं चालतात. माझ्या हातानं उज्ज्वला, ताईच्या हातानं रेखा.

हितेशभाईंना बोलावलं. त्यांनी आधी मला ऐकवलं की मशीन खेळायला नाहीत. मग स्वतः दाबून बघितलं, बरोबर आलं. ताईला दाबायला लावलं, रेखा आलं. म्हणाले, "बेन, आ तो ब्राउझरनो प्रोब्लेम छे." पण ते म्हणताना ते ताईच्या खुर्चीपासून मागे सरकले होते, हे मी बघितलं.

त्यानंतर ताई बदलली. हळूहळू वगैरे नाही, त्याच आठवड्यात. वर्गात मी 'ताई' म्हटलं की ती उशिरा वळायची, आणि वळली की असं बघायची... कसं सांगू, अनोळखी माणसानं आपल्या दारात उगाच उभं राहावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसं. मला भीती वाटली. सख्ख्या बहिणीची भीती. मी सासूबाईंना जाऊन विचारलं, काय करताय तिला? त्यांनी दार लावून घेतलं. दाजी कारखान्याबाहेर भेटले तर म्हणाले, ती घरात खूश आहे, तुम्हीच तिच्या डोक्याला ताप देता. जाताना मात्र थांबून म्हणाले की कोथिंबीर कशी निवडायची, देवाजवळ दिवा कुठल्या बाजूला ठेवायचा, हे सगळं आता ती न सांगता पहिलीसारखं करते. त्यांना त्याचं बरं वाटत होतं. मला तिथेच त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

शेवटचा प्रयत्न मी त्या शनिवारी दुपारी केला. वर्ग सुटला होता, खिडक्या उघड्या, खाली गठ्ठे टाकल्याचे आवाज. हितेशभाईंच्या केबिनमधलं मशीन मागून घेतलं, ज्याला ताईनं कधी हात लावला नव्हता. कोरी फाईल. म्हटलं, यात घर नाही, रेखा नाही, काही नाही. एकच फंक्शन लिही, तुझं नाव दाखवणारं, त्यालाही तुझंच नाव दे, आणि त्याला हाक मार. तिनं लिहिलं, मी शेजारी उभं राहून प्रत्येक अक्षर बघितलं. फंक्शन उज्ज्वला. खालच्या ओळीत त्याला हाक मारणारं बटण. बस, याहून सोपं पान असूच शकत नाही.

तिनं दाबलं. चूक दाखवणारी खिडकी उघडली, इंग्रजीत. उज्ज्वला इज नॉट डिफाइन्ड. म्हणजे, या नावाचं इथे काही नाही.

फंक्शन समोर दिसत होतं. मी त्याच्यावर बोट ठेवलं होतं. हितेशभाई माझ्या मागे उभे होते, त्यांनीही वाचलं. नंतर कितीही नाकारलं तरी त्यांनी वाचलं.

ताई उठली, पदर नीट केला. आम्ही दोघी एकमेकींशी कधी भांडलो तरी हसून बोलायचो. तेव्हा तिच्या आवाजात हसू नव्हतं. म्हणाली, "बरोबर सांगी ऱ्हायनं ते. आते मना घर येवू नको."

मी मशीनसमोर बसून तेच बटण दाबलं. 'उज्ज्वला' आलं, निमूट. मी दाबत राहिले, ते येत राहिलं. काय उपयोग होता?

पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई तिला माहेरी आणायला गेली. मी नको म्हणत होते, तरी गेली; लेकीला सणाला आणायचं नाही तर कधी? मीही मागोमाग गेले, पण उंबऱ्याबाहेर थांबले. ताई पिशवी भरून तयार बसली होती. आईचा चेहरा फुलला. ताईनं तिला पाणी दिलं, वाकून नमस्कार केला आणि अदबीनं सांगितलं, "बसा मावशी. मनी माय येईच ऱ्हायनी."

आई आली. साक्रीची, रेखाची आई. तिला कुणी कळवलं नव्हतं, सासूबाईंनी तर नाहीच. त्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, एवढं मात्र मी डोळे भरून बघून घेतलं. साक्रीच्या म्हातारीनं ताईच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, पिशवी उचलली, आणि दोघी बोलत बोलत रिक्षात बसल्या. म्हातारी मोतीबिंदूनं आंधळी झालेली होती असं मला नंतर कळलं. ताईला ती याआधी कधी भेटलेली नव्हती.

आज ताईला दोन मुलं आहेत, तब्येत छान आहे, दाजी सुखात आहेत. डॉक्टरांना विचारलं, एका भगताकडेही जाऊन आले, हो, मी गेले. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि एकही खरं वाटलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर मला सांगू नका. माझ्या आईला सांगा. त्या दिवशी ती रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेली होती, हातात सांजोऱ्यांचा डबा घेऊन, आणि हाक मारायला तोंड उघडून तशीच उभी राहिली... कोणत्या नावानं मारायची, ते तिला कळेना.