पंढरीचा डबा

जळकोटचा पंढरी भीमगीतांच्या पार्टीत स्टील गिटार वाजवतो. खुर्चीवर बसायचं, गिटार मांडीवर आडवी टाकायची अन् तारांवरून लोखंडी सळई घसरवायची. हे वाद्य मोठं बेइमान बघा. पेटीसारखं बोट दाबलं अन् सूर निघाला, असं इथं नाही. रेघा आखलेल्या असतात, पण त्या नुसत्या अंदाजाला. सळई केसभर सरकली की सूर नासला! सांभाळणार कोण? तर कान. म्हणून पंढरीनं जवानीतच शिस्त घालून घेतली. ॲम्प्लिफायर, म्हणजे त्याचा 'डबा', उजव्या हाताला पत्र्याच्या पेटीवर ठेवायचा, पुढून खाली वीट सरकवायची अन् डब्याचं तोंड थेट कानाकडं करायचं. समोरचे मोठाले स्पीकर पब्लिकसाठी. स्टेजवरच्याला त्यातून नुसता गलबला ऐकू येतो.

डब्याच्या पलीकडं उभी राहायची सरजाबाई, पार्टीची गायिका. तीही सूर त्या डब्यावरूनच उचलायची. 'काळी चारची सरजाबाई' म्हणून तिचं नाव उदगीरपासून देगलूरपर्यंत. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तिथून ती गाणं धरायची. बायामाणसांत इतक्या उंच पट्टीत गाणारी दुसरी नव्हती.

आता एवढी वर्षं डबा एकाच कानाशी बोंबलत राहिला, त्याचं फळ मिळायचंच होतं. पंढरीचा उजवा कान गेला. एकदम नाही, हळूहळू, भिंतीला ओल चढावी तसा. लातूरच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, डावा जपा. पंढरीनं घरी सांगितलं नाही, पार्टीत तर मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण पार्टी आता कीबोर्डवाल्या आनंदराजच्या हाती होती, अन् त्याच्या कीबोर्डात गिटारचं बटण होतं. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय! पंढरी बेसूर व्हायला लागला, एवढं कळायचा अवकाश, की जीपमधली त्याची जागा गेलीच.

त्या दिवशी मुरुडला लग्नाचं काम होतं. आठवड्यातलं तिसरं. पहाटेपासून जीपमध्ये गुडघे दुमडून बसून पंढरी पार आंबून गेला होता. स्टेजवर चढला, पत्र्याची पेटी उचलली, क्षणभर थांबला, अन् जन्मात पहिल्यांदा त्यानं डबा डाव्या हाताला मांडला.

"हे काय नवीन?" सरजाबाईनं विचारलं.

"तिकडचा प्लग ढिला हाय, अक्का."

तिनं आपला माईक नेहमीसारखा उजवीकडंच लावला. मंगल परिणय पार पडला, पंगती बसल्या, गाणं सुरू झालं. पंढरीला स्वतःची गिटार लख्ख ऐकू येत होती. पण सरजाबाईच्या कानाशी आज डबा नव्हता. पहिलं कडवं तिनं कसंबसं ओढलं, दुसऱ्यात चढाला गेली अन् सूर सोडून भलतीकडंच उतरली. मंडपात कुणी मान वर केली नाही. लोक बुंदी मागत होते. अरे, एक बाई तिथं गळा फाडून राहिली अन् ह्यांना बुंदी! पंढरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेसूर ती झाली होती, पण पाप त्याचं होतं.

गाणं संपलं, आहेर सुरू झाले. आनंदराज वाकून म्हणाला, "काका, गिटार राहू द्या आता. अक्काला डिस्टर्ब होऊन राहिलंय. मी कीबोर्डवर सांभाळतो."

पंढरीनं बोटांतल्या, तारा छेडायच्या नख्या काढायला घेतल्या. मग सरजाबाई समोर येऊन उभी राहिली.

"प्लग काढून बघितला म्या. चांगला घट्ट हाय. खरं सांग."

पंढरीनं मान खाली घातली. "उजव्या कानानं ऐकू येईना गेलंय, अक्का. लई दिवस झाले."

"अन् हे आज सांगतो? मी काय परकी हाय? मुडद्या, निदान गाण्याच्या आधी तरी बोलायचं!" आहेर देणारे वळून बघायला लागले, तरी ती थांबली नाही. "नख्या घाल. घाल म्हणते ना!"

मग तिनं माईकचा स्टँड ओढत आणला, ढोलकीवाल्याला म्हणाली, "सरक तिकडं," अन् डब्याला खेटून पंढरीच्या डाव्या अंगाला उभी राहिली. आनंदराजनं एकदा तिच्याकडं बघितलं अन् पुढच्या गाण्याची तयारी केली.

दुसरं गाणं लागलं. सूर आता बरोबर होता, पंढरीला धीर आला. अन् मग त्याला सरजाबाई ऐकू आली. कित्येक दिवसांनी, चांगल्या कानानं, हातभर अंतरावरून. काळी चारला तिचा आवाज चिरकत होता. प्रत्येक चढाच्या आधी ती भार उचलणाऱ्या हमालासारखा श्वास घेत होती, अन् वर पोचली की मानेच्या शिरा तट्ट फुगत होत्या. हे काही आजचं नव्हतं. त्यालाच इतके दिवस ऐकू आलं नव्हतं. 

तिसऱ्या गाण्याला त्यानं कुणाला विचारलं नाही. सळई दोन रेघा खाली घेतली अन् सुरुवातीचा तुकडा काळी तीनमध्ये वाजवला. आनंदराजनं चमकून बघितलं, मग मुकाट पट्टीचं बटण दाबून तोही खाली आला. सरजाबाईनं तोंड उघडलं, तसंच मिटलं. पट्टी उतरलेली तिला कळली होती. पंढरीनं तुकडा पुन्हा एकदा फिरवला, तिला सावरायला.

तिनं माईकवर हात ठेवला अन् त्याच्या डाव्या कानाशी वाकली.

"कवाची वाट बघून राहिले होते रे," ती म्हणाली. "पण म्हणावं कुणाला?"