खाडीचं पाणी आणि हिराजी भावोजींचं मीठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मात्र विचारू नका.

रेवसच्या बाजूला एका मुंबईकर शेठच्या बंगल्यावर मी पंप आणि नळ सांभाळायचो. विहिरीचं पाणी जड. साबणाला फेस येईना, डाळ शिजेना. म्हणून शेठने विलायतेहून पाणी मऊ करणारी लोखंडी टाकी आणवली. तिच्यात वाळूसारखे दाणे होते, ते पाण्याचा जडपणा धरून ठेवत. दाणे थकले की टाकीत मिठाचं पाणी सोडायचं आणि धुऊन काढायचं, की टाकी पुन्हा ताजीतवानी. मीठ माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, हिराजी भावोजींच्या मिठागरातून यायचं.

मीही मिठागरातच वाढलेला. आणि म्हणूनच की काय — मला वाटलं, गोणी फोडा, मीठ विरघळवा, गाळा, ही यातायात कशाला? मागच्या दारी खाडी भरलेली. खारं ते खारं! शेठ मुंबईला गेला की मी हंडे भरभरून खाडीचंच पाणी टाकीत ओतायचो. काही दिवस निभावलंही. स्वतःच्या अकलेवर काय खूश होतो मी!

मग टाकी रुसली. शेठ सहकुटुंब आला, आणि मी बाटलीत पाणी-साबण घालून हलवलं तर फेसाऐवजी नुसती साय. मी कॉक तपासले, नळ्या उघडल्या, आता खरं मीठ दिलं — दोनदा दिलं. ढिम्म! टाकीचं झाकण काढलं तेव्हा कळलं. दाण्यांवर खाडीचा गाळ बसला होता, काळा, चिकट. माझी पाचावर धारण बसली.

शेठने विचारलं, "मिठातच खोट आहे का?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर — पण शेठने भावोजींना बोलावणं धाडलं.

ते आले, ओंजळीत मीठ घेऊन. सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. किती निर्धास्त होते! "तूच सांग रं यांना. तुला मिठाची पारख हाय."

मी चिमूट जिभेवर ठेवली. चोख मीठ होतं, पांढरंशुभ्र. आणि मी म्हणालो, "चिखल हाय यात."

भावोजी माझ्याकडे बघत राहिले, मग ओंजळ तशीच घेऊन निघून गेले. मी त्यांना हाक मारू शकत होतो. मारली नाही.

पुढे मी गुपचूप टाकीत खालून वर उलटं पाणी सोडून दाणे धूत राहिलो. गाळ निघाला. दुसऱ्याचं मीठ घातलं आणि टाकी चालू झाली — माझं खोटं तिने खरं करून दाखवलं. मेव्हण्यानेच सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? बाजारात भावोजींचं मीठ कुणी घेईना. मिठागर सोडून ते मुंबईच्या गोदीत ओझी उचलायला गेले. तिथेच खंगून वारले.

त्यांनी माझ्या बहिणीला काहीच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. दर भाऊबीजेला ती पाट मांडायची, मला ओवाळायची. आणि मी बसायचो.